करण्यात आले

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात जनसंवादाचा तास
भूगोलाच्या खोलीत भरतो.
भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा, नकाशामागे पाली,
आणि टेबलावर तेरा दिवसांचे पेपर,
रद्दीत जायच्या आधी
वाचनालयाच्या रामकिसनमामांकडून मागून आणलेले.

मी सांगतो, लाल पेन घ्या, कर्ता शोधा.
लाठीमार करण्यात आला. कोणी केला?
पाणी सोडण्यात येणार आहे. कोण सोडणार?
असे समजते. कोणाला?
असे बोलले जाते. कोणत्या टपरीवर?
मुबीन म्हणतो, सर, आमच्या गल्लीत तर नळाला पाणी
येण्यातच येत नाही.
वर्ग हसतो. मीही हसतो.
हसल्यावर धडा नीट बसतो
असं मला सतरा वर्षांपासून वाटत आलंय.

मग पट्ट्या निघतात, दहावीच्या कंपासपेटीतल्या,
एकीवर कर्कटकाने कोरलेलं कोणाचं तरी अर्धं नाव.
रुंदी गुणिले उंची.
भाऊंचा वाढदिवस: नऊशे साठ चौरस सेंटीमीटर.
त्यात गॉगल, त्यात मिशा, खाली शुभेच्छुकांची
सत्तेचाळीस मुंडकी
(नागनाथने मोजली, एक त्याचा मावसभाऊ निघाला).
त्याच पानाच्या तळाशी
आरोग्य केंद्राला डॉक्टर नाही:
एकवीस.

ललिता आडे मागच्या बाकावरून उठत नाही,
बसल्या जागीच विचारते,
सर, आमचा तांडा तेरा दिवसांत एकदाबी नाही.
शून्य मोजायचं कसं?
पट्टी ठेवावी कुठं?

माझ्याकडे व्याख्या होत्या.
द्वारपाल, विषयपत्रिका, मौनाचं चक्र,
परीक्षेत प्रत्येकी पाच गुण.
मी खडू उचलला
आणि बराच वेळ डस्टरच शोधत राहिलो.

तेवढ्यात मुबीनने पान चार वर धरलं.
सर, रेकॉर्ड! एका बातमीत आठ वेळा!
दीपप्रज्वलन करण्यात आले, स्वागत करण्यात आले,
मार्गदर्शन, रोपवाटप, आभार,
सगळं आपोआपच झालंय की हो.
अन् ही तर आपल्याच कॉलेजची बातमी.
वर लिहिलंय प्रतिनिधी. ह्यो कोन मानूस?

पंखा बंद होता. लाइट अकराला जाते.
मी, म्हणालो.

कोणी हसलं नाही.

दुपारी प्राचार्यांचा निरोप:
युवा सप्ताहाची प्रेसनोट, चारच्या आत.
मी लिहिलं:
समई प्राचार्य टोम्पे यांनी पेटवली.
दोन काड्या विझल्या. तिसरीला
झाडणाऱ्या कोंडाबाईंनी पदराचा आडोसा धरला.
पाहुणे पन्नास मिनिटं बोलले.
मुली उन्हात उभ्या होत्या, कारण खुर्च्यांवर
पाहुण्यांच्या गाड्यांतून आलेले लोक बसले होते.
ही बातमी व्यंकट मोरताटे याने लिहिली.
प्राचार्यांनी न वाचता सही केली.
ते कधीच वाचत नाहीत, एवढ्यावरच मी धाडस केलं होतं,
तेव्हा त्याला धाडस म्हणायचं का
हेही लाल पेनने बघायला हवं.

सकाळी रामकिसनमामांनी पेपर पुढे सरकवला.
मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्यात आले.
प्रतिनिधी.
सात ओळी. अठरा चौरस सेंटीमीटर.
कोंडाबाई कुठेच नव्हत्या,
त्यांचा आडोसाही नव्हता,
समई मात्र पहिल्या काडीत पेटली होती.

तासाला ललिताने वही पुढे केली.
पट्टीने आखलेला चौकोन, आठ बाय पाच,
आत तिच्या उतरत्या अक्षरात:
खापरदरा तांड्याची डीपी जळून अकरा दिवस झाले.
वायरमन साहेबराव कऱ्हाळे यांना फोन
मी केला. तीनदा.
ते म्हणाले, बघतो.

मी पेनचं टोपण काढलं. दोनदा वाचलं.
नागनाथ खिडकीशी उभा राहून
कोणाच्या तरी मोबाइलवरचा स्कोअर विचारत होता.
तारखा घाल, म्हणालो,
तीनही फोनच्या.